दाजींचे बैल

पासली, पौष, शके १८५७

नाथा दाजींना रायबाचा रामराम.

माझा तांदूळ तुमी तुमच्या गाडीनं पुण्याच्या पेढीवर पोचवणार व्हता. समदं भाडं म्या विंझरला येऊन तुमच्या हातात दिलं. परवा शिवऱ्यातनं सांगावा आला, तांदूळ तिथंच अडकलाय.

गेलो, तर भिमा नावाचा म्हातारा गाडीवान पोत्यांवर बसून. म्हणाला, "माझं भाडं टाक, मग गाडी हलंल." तुमचं नाव त्यानं ऐकलंबी नव्हतं. कुणा माणसानं निम्म्या भाड्यात त्याची गाडी ठरवली, शिवऱ्यात पैसे देतो म्हणाला आन् पसार झाला. त्या माणसाकडं माझा माल आला कुठनं, दाजी?

म्हाताऱ्याचे बैल उपाशी व्हते. एक पोतं तिथंच इकून म्या त्याचं भाडं चुकतं केलं.

परतताना तुमच्या घरी डोकावलो. आक्का म्हणाली, "त्ये गाडी घेऊन पुण्याला गेल्यात." गोठ्यात तुमचे दोनी बैल रवंथ करत व्हते. म्या तिकडं बघितलं, तिनंबी बघितलं. निघताना उंबऱ्यापाशी हळूच म्हणाली, "रायबा, पुढल्या खेपेला दुसरी गाडी बघ."

हे पत्र धाडलं, तर तुमी आक्कालाच धराल. दुसरी गाडी केली, तरी तिलाच धराल. म्हून पत्रबी धाडत न्हाई आन् गाडीबी बदलत न्हाई. पुढला मालबी तुमच्याच गाडीत भरीन. फकस्त पोत्यांवर पुण्यापतुर म्या सोता बसून येईन.

आक्काला जपा.

तुमचा मेव्हणा,
रायबा