पाहुण्याची पिशवी

उदगीर, गुरुवार

ती. रेवणप्पा दाजी यांस ईश्वरप्पाचा शरणार्थ. तुमच्या गुडघ्याला आता आराम पडला असेल. अक्काला म्हणावं, लोह्याहून पाठवलेलं लोणचं संपलं (बरणी द्यायला मीच येणार होतो, पण सध्या कुणाला तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही). का, ते सांगतो.

रविवारी आमच्या वाचनालयात एका पुस्तकावर चर्चा होती. विषय असा, की अनोळखी माणसाबद्दल आपण किती चटकन गैरसमज करून घेतो. चिटणीस म्हणून पहिलं भाषण माझं (पुस्तक निम्मंच वाचलं होतं, पण चिटणिसाला तेवढं पुरतं). परका माणूस दिसला की आधी संशय बाजूला ठेवा, हे मी वीस मिनिटं सांगितलं. टाळ्याही पडल्या. आमची सिंधु मागं उभी राहून ऐकत होती.

शेवटच्या रांगेत एक टोपीवाले गृहस्थ बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यावर दोन्ही हात, आणि नजर सारखी माझ्यावर. मी खाली बसतो न बसतो तोच समोरचा चहावाला शहेबाज कानाशी लागला. "काका, त्यो टोपीवाला तुमच्या घराची लई चौकशी करून राहिलाय. माणसं किती, घर सोताचं हाय का, पोरगी दिवसभर कुठं असती, समदं इचारलं त्यानं." दाजी, माझं डोकंच फिरलं. गेल्याच महिन्यात आमच्या गल्लीत एक कुलूप फुटलंय. मी तडक मागं गेलो आणि पिशवी दाखवा म्हणालो. ते नको नको म्हणायला लागले, तसा माझा संशय पक्का झाला. मी पिशवी ओढली.

आत पाण्याची बाटली, चिवड्याचा पुडा आणि एक कागद. तो खाली पडला, ग्रंथपाल जाहिदाबाईंनी उचलला आणि (त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक) मोठ्यानं वाचला. सिंधुचा बायोडाटा! अक्षर माझंच. 'वडील शांत स्वभावाचे, माणसांची उत्तम पारख असलेले.' पुढचं हसण्यात ऐकू आलं नाही.

ते अमृतराव. तुम्ही सुचवलेल्या हिमायतनगरच्या मुलाचे मामा. गुपचूप चौकशीला कुणीतरी येईल, हे तुम्ही फोनवर सांगितलं होतंत. येणारा माणूस चोरासारखा दिसेल, हे सांगितलं नाहीत. सिंधुनं माझ्या हातातून पिशवी घेतली, त्यांना परत दिली, पाणी दिलं आणि माझ्या वतीनं माफी मागितली. जाताना ते एवढंच म्हणाले, "पोरगी बघितली. बापाचं काय करायचं, त्ये घरी इचारतो."

सिंधुला हे स्थळ मनापासून आवडलंय (बोलत नाही, पण मुलाचा फोटो पुस्तकात खुणेला ठेवते). माझ्या पायी तिचं मोडलं तर मी स्वतःला माफ करणार नाही. तेवढं हिमायतनगरला जाऊन त्यांची समजूत काढा.

तुमचा,
ईश्वरप्पा

ता. क. त्या दिवशी मला ताप होता, असं सांगा. (सिंधु म्हणते, खोटं सांगायचं नाही. मग राहू द्या.)

ता. क. २. पाकीट चिकटवतानाच अमृतरावांचा फोन आला. मुलगी पसंत आहे, बापाला सांभाळून घेऊ म्हणाले! पुढच्या रविवारी येतायत. सिंधु आत जाऊन रडली, मीही रडलो. तेव्हा समजूत काढायची गरज नाही, पण तुम्ही हिमायतनगरला जाच. आपल्यालाही मुलाची चौकशी करायला नको का? घरात माणसं किती, घर स्वतःचं आहे का, पोरगा दिवसभर कुठं असतो, हे तिथल्या चहावाल्याला हळूच विचारा. फक्त हातात पिशवी नेऊ नका.