रंगीने करडाला जवळ घेतलं

आई,

रंगीने करडाला जवळ घेतलं, खरंच! काल मी त्याला पुसून मनस्वीची बेबी पावडर लावली आणि त्याचा वास बदलला. रंगी त्याला ढुशा मारायला लागली, पिऊ देईना, तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

सकाळी आठवलं, मिठाची गोण टेकते ती भिंत रंगी येताजाता चाटते. म्हणून करडाच्या पाठीवर मिठागरातलं जाडं मीठ चोळलं. आधी मीठच चाटत होती, मग करडूच चाटायला लागली. आता पितंय पोटभर.

मनस्वीला लस द्यायला पनवेलला नेतेय. गोठ्यात ओल आहे, दोघांना फळ्यांवरच ठेवा. अधूनमधून बघा, पितंय ना.

रंगीचा राग गेला. आता तुमचा राहिला.

कादंबरी