बटाट्यावरचा फेस

मंगळवार, ८ फेब्रुवारी १९९४. नवघर.

मी सांगतेय, नात मीनल लिहितेय. मीने, माझ्या तोंडचं काही गाळू नकोस.

पायाच्या अंगठ्याची जखम महिना झाला तरी भरत नाही. आज डॉक्टर म्हणाला, "आजी, तुम्हाला शुगर आहे. असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल. लावता तरी काय?" मी पिशवीतून बाटली काढली. हायड्रोजन पेरॉक्साइड. शेजारच्या कांताबेनने दिलेली. ती म्हणाली होती, "झाग आया तो समझो मैल निकला." रोज दोनदा ओतायची आणि तो पांढरा फेस बघत बसायची मी. चरचरायचं, पण वाटायचं, आत काम चाललंय.

डॉक्टर म्हणाला, फेस चांगल्या मांसावरही येतो, आणि नवी कातडी धरते तीच रोज जळते. मला काही पटेना. घरी आल्यावर मीनलने कच्चा बटाटा कापून त्यावर चार थेंब टाकले. भसाभसा फेस! "आजी, बटाट्याला काय लागलंय गं?" कार्टी माझ्यावरच गेलीय.

म्हणजे महिनाभर मीच जखम भरू दिली नाही? कांताबेनला काय बोलू, तिने मायेनं दिली. ओतत तर मी होते.

आता नुसती साफ पट्टी, शनिवारी परत दाखवायचं. बाटली मोरीत ओतायला लावली, तर मोरीतही फेस. सूनबाई मोरी रोज घासते, तिला सांगू नकोस म्हटलं. दोघी हसलो. मग अंगठा हलवून पाहिला.

हलतोय अजून.