खांबच कललाय

मंगळवार, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही ठीक, तुम्हीही असालच. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुमच्याकडे निघालेल्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. संध्याकाळपर्यंत मिळेल. वहिनीला आठवण सांग.

बाजारातल्या कमानींचं काम मला मिळालं बरं का! हो, तीच दुकानांपुढची छपराखालची वाट. नगरपालिकेला तिथल्या सगळ्या खांबांचे फोटो हवेत. सकाळचं ऊन तिरपं आत आलं की एकेका खांबाची सावली फरशीवर अशी पडते, विचारू नकोस. फोटो झकास आलेत. तुझ्याहून चांगले, लिहून ठेव.

फक्त एक खांब वाकडा येत होता. तूच शिकवलंस ना, खांब वाकडा दिसला की चूक फोटोवाल्याची? म्हणून मी स्टँड हलवला, लेव्हल तपासली, गुडघ्यांवर बसले, कठड्यावर चढले. खांब आपला ढिम्म. शेवटी एका गवंड्याकडून ओळंबा मागून आणला आणि खांबालगत सोडला. दोरी सरळ, खांब वाकडा! चूक माझी नव्हतीच.

तशीच नगरपालिकेच्या इंजिनिअरला हाताला धरून घेऊन आले. वर बघून तो पांढराफटक पडला. टेकू लावलेत, पण छत कधीही खाली येईल म्हणाला. दुकानदारांनी मला लाखोली वाहिली, पण सामान उचललं.

एक दुकान सोडून.

कुठलं, ते तू ओळखलंसच. बाबा डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडून बसलेत. "या खांबाला पाठ टेकून धंदा उभा केला, तो मला मारणार होय?" म्हणतात. मी भांडले, रडले, शटर अर्ध्यावर ओढलं. काल छताची माती टेबलावर पडली, तर फुंकर मारून पुन्हा कामाला लागले. दादा, मला फार भीती वाटतेय.

तू दुकान सोडून गेलास, तेव्हा तुम्हा दोघांत जे झालं ते झालं. त्याविषयी मी लिहिणार नव्हते. पण काल बाबाच म्हणाले, "दुकान कसं सोडायचं, ते ज्याला जमलं त्याला विचार." टोमणाच आहे, कळतं मला. पण इतक्या वर्षांत तुझा विषय त्यांनी स्वतःहून पहिल्यांदा काढला. मी ते बोलावणंच समजते. तूही समज.

ये. समोर येऊन उभा राहा. हवं तेवढं भांडा, पण रस्त्यावर येऊन भांडा.

तू येईपर्यंत मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसणार आहे. बसलेच आहे. हे पत्र इथूनच लिहितेय, बाबांना वाटतंय मी बिलं करतेय.

तुझी, तुमच्या दोघांइतकीच हट्टी,
चिमणी