नाकावरचं तारुण्य

९ नोव्हेंबर १९७८, गुरुवार. सकाळी सात.

ट्यूब सोडली. आजपासून. कायमची.

डॉक्टरांना कळवायचं कारण नाही. दर गुरुवारी मुंबईहून येणारे त्वचेचे डॉक्टर, वय फार तर तीस. महिन्यापूर्वी त्यांनी माझं नाक भिंगातून पाहिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं: अ‍ॅक्ने रोझेशिया. ट्यूबमधलं पिवळट मलम रोज झोपताना बोटभर लावायचं. तीन महिने बंद करायचं नाही. ऊन, तिखट आणि कढत चहा वर्ज्य. मी निमूटपणे लावत गेलो. गंधकाचा वास. आमच्या सौ., म्हणजे विमलाने, आपली उशी पायथ्याकडे नेली. पुळ्या बसल्या, नाक मूळ रंगावर आलं, आणि मी खूश झालो. मूर्ख.

काल शब्दकोश काढला. अ‍ॅक्ने: तारुण्यपीटिका. रोझेशिया कोशात नाही, पण रोझ म्हणजे गुलाब हे मला इंग्रजी पहिलीपासून ठाऊक आहे. गुलाबी तारुण्यपीटिका! चौसष्टाव्या वर्षी! गेलेलं वय आपल्या पायांनी परत आलं, आणि मी महिनाभर त्याच्या तोंडाला गंधक फासलं.

दुपारी.

विमलाला सांगितलं. ती म्हणाली, अहो, तारुण्य यायचंच होतं तर आधी गुडघ्यात यायचं, नाकावर येऊन काय करणार? तिच्यात काव्य नाही. चाळीस वर्षं झाली, अजून नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार.

योग पाहा. हेडमास्तर कॉन्रॅड सर येऊन गेले. आपल्या मराठी शाळेला साठ वर्षं झाली. १७ डिसेंबरला, रविवारी, हीरक महोत्सव. जुन्या विद्यार्थ्यांत सर्वांत ज्येष्ठ मी (माझ्याहून ज्येष्ठ आहेत ते खाटेवर). तर काका, तुम्ही एक कविता म्हणा, सर म्हणाले. कोणती, हे विचारण्याची गरजच नव्हती. चौथीच्या पुस्तकातली रहाटाची.

१९२४ साली इन्स्पेक्टर आले होते तेव्हा मी ती म्हटली होती. आठ कडवी. सहाव्याला अडलो, तर पहिल्या बाकावरच्या सरलाने ओठ हलवून सांगितलं. इन्स्पेक्टरांनी शाब्बास म्हणून पेन्सिल दिली. त्यानंतर चोपन्न वर्षांत मला कुणीही कविता म्हणायला सांगितलेली नाही. पोस्टात तर छत्तीस वर्षांत एकदाही नाही. घरी म्हणतो, पण ते कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

प्रमुख पाहुण्या सरलाबाईच. आता तालुक्याच्या दारूबंदी महिला मंडळाच्या अध्यक्षा आहेत. म्हणजे पुन्हा पहिल्या रांगेत.

निश्चय: रोज प्रॅक्टिस. विहिरीच्या काठावर, मोकळ्या आवाजात.

१६ नोव्हेंबर, गुरुवार.

आली! उजव्या नाकपुडीवर एक, शेंड्यावर दोन. गालही तापलेत. सहावं कडवं अजून आठवत नाही, पण तारुण्य वरून खाली येतं, डोक्यापर्यंत पोचलं असणारच.

प्रॅक्टिस दहा ते बारा. ऊन लागतं, पण सावलीत आवाज दबतो. घशासाठी कढत चहा, तीन कप. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, पण त्यांना कुठे कविता म्हणायची आहे?

२० नोव्हेंबर, सोमवार.

शेजारच्या वाडीतला दयाराम कुंपणाशी उभा होता. संध्याकाळची ताडी घेतल्याशिवाय तो जेवत नाही, आणि ते लपवतही नाही. बराच वेळ माझं नाक पाहत राहिला. मग डोळा मारून म्हणाला, काय भाऊ, एकट्या एकट्यानेच? शेजाऱ्याला विचारायची पद्धत असते.

मी म्हटलं, दयाराम, हे वाटून घ्यायचं नसतं. ज्याचं त्याला मिळतं.

तो म्हणाला, ते खरं, पण सकाळी दहा वाजता? आम्ही निदान दिवस मावळू देतो.

मी म्हटलं, माझं आता वेळेवर राहिलेलं नाही. चोवीस तास चढलेलंच असतं.

दयारामने दोन्ही कानांना हात लावला. मत्सर माणसाला नम्र करतो.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार.

राजोडीची मथुरा बोंबील घेऊन आली. टोपली उतरवायच्या आधीच म्हणाली, आबा, नाक केवडं लाल झालंय! पानी घालत जा की थोडं. नुसती नका घेऊ.

तोंड धुताना नुसतं साबणावर न भागवता पाणी भरपूर घ्यावं, असा तिच्या बोलण्याचा आशय. म्हटलं, घालतो, भरपूर घालतो, दिवसातून चार वेळा. ती म्हणाली, चार? आणि विमलाच्या पाटीत दोन बोंबील जास्त टाकून गेली. विमलाने दुपारी ताट माझ्यापुढे आपटलं. बोंबील मात्र ताजे होते.

२८ नोव्हेंबर, मंगळवार.

नायगावला पुतण्याकडे जाऊन आलो. एसटीत कंडक्टरने स्वतः एकाला उठवून मला खिडकीची जागा दिली. म्हणाला, बाबा, तोंड बाहेर ठेवा आणि काही वाटलं तर आधी सांगा. मी प्रवासभर तोंड बाहेर ठेवलं आणि पहिली पाच कडवी म्हटली. शेजारचा प्रवासी पुढच्याच स्टॉपवर उतरला. मोकळ्या जागेवर पाय पसरले. तरुण माणसाला लोक वाट देतात.

पुळ्या एकूण नऊ. नाकाचा आकारही किंचित भारदस्त झाला आहे.

२ डिसेंबर, शनिवार.

कॉन्रॅड सर पुन्हा आले. चहा नको म्हणाले. बराच वेळ केळींकडे पाहत बसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, काका, राग मानू नका. तुमचं ते... रोजचं आहे का?

मी ओळखलं. ट्यूबबद्दल विचारतात. विमला बोललेली दिसते. म्हटलं, होतं. रोज झोपताना. बोटभर.

बोटभरच?

म्हटलं, कधी दोन बोटं. लपवायचं काय.

सर म्हणाले, ही सवय लावली कुणी? म्हटलं, डॉक्टरांनी. लेखी. चिठ्ठी दाखवल्याशिवाय दुकानदार देतच नाही.

म्हणजे परमिटवर, सर म्हणाले. म्हटलं, तसं म्हणा.

आणि काकींना चालतं?

म्हटलं, तिला वास सोसत नाही. पायथ्याकडे उशी घेऊन झोपायची.

सरांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, आणि आता?

मी ताठ बसलो. म्हटलं, सोडली! ९ नोव्हेंबरला, सकाळी सात वाजता. कुणाचा सल्ला नाही, कुणाचा धाक नाही. ठरवलं आणि सोडली. आता पुन्हा हात लावणार नाही.

सर एकदम उठले आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण मग काका, म्हणाले, हे नाक अजून...? मी म्हटलं, सोडली म्हणूनच तर! आत होतं ते आता बाहेर येतंय. सर म्हणाले, बरोबर आहे, शरीरातून जायला वेळ लागणारच.

कविता म्हणणाऱ्याच्या कांतीबद्दल हेडमास्तरला एवढी कळकळ असेल, असं वाटलं नव्हतं. निघताना म्हणाले, कवितेचं बघू. तुमच्यासाठी काही मोठं करावं असं मी सरलाबाईंच्या कानावर घालतो.

मोठं म्हणजे काय? बहुधा दोन कविता.

८ डिसेंबर, शुक्रवार.

विमलाने माझ्या दंतमंजनाच्या डबीशेजारी ट्यूब आणून ठेवली. म्हणाली, लावा मुकाट्याने, गावात बोलतात. काय बोलतात, विचारलं. ती म्हणाली, ते मी माझ्या तोंडाने सांगणार नाही; लग्नाच्या बायकोला विचारता तरी कसं?

लक्षात आलं. सरला येणार हे तिला खुपतंय. या वयात! मी समजूत घातली. म्हटलं, हे सगळं फक्त काव्यासाठी आहे. ती ट्यूब तिथेच टाकून कपडे वाळत घालायला गेली. सगळे उलटे वाळत घातले.

पुळ्या मोजणं बंद केलं आहे. एकमेकींत मिसळल्यात. नाकाला ठणका आहे, पण प्रतिभेलाही असतोच.

१४ डिसेंबर, गुरुवार.

छापील कार्यक्रम आला. नीट वाचला. ईशस्तवन. अहवाल. सत्कार: श्री. नरहरी चौधरी, माजी विद्यार्थी (सत्काराचे कारण अध्यक्षा सांगतील). त्याखाली, रहाटाची कविता: इयत्ता चौथीच्या मुली, समूहस्वरात.

सत्कार माझा, कविता मुलींची: छापखान्याची चूक. सत्कार झाला की सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतो, आणि ते दोन शब्द कवितेत असायला कुणाची हरकत नसते. मुलींनी हवं तर मागून म्हणावं.

धोतर परीटघडीचं काढलं. सहावं कडवं अजून नाही.

१७ डिसेंबर, रविवार. दुपारी चार.

जे झालं ते लिहून ठेवतो.

सरलाबाई बोलायला उभ्या राहिल्या. आवाज अजून तसाच, खणखणीत. म्हणाल्या, माझे बालमित्र नरहरीभाऊ आज इथे मान वर करून बसले आहेत. डॉक्टरांनी परमिटवर लावलेली सवय. रोज झोपताना, बोटभर, कधी दोन बोटं. घरच्या माउलीला वास सोसेना. आणि एका सकाळी, सात वाजता, या माणसाने ती सोडली! मंडळाने सांगितलं म्हणून नाही, पोलिसाने पकडलं म्हणून नाही. या वयात, मनाने! नाकावरची खूण जायला वेळ लागेल. तोवर हसू नका, त्यांना धीर द्या.

टाळ्या. एवढ्या टाळ्या १९२४ सालीही नव्हत्या.

तेवढ्या टाळ्यांत मला सगळं समजलं. दयाराम, बोंबील, खिडकीची जागा. एकेक करून नव्हे, सगळं एकदमच.

शाल आली, नारळ आला, माइक पुढे आला. दोन वाक्यं पुरली असती. पहिलं सोपं होतं: मी आयुष्यात थेंबही घेतलेला नाही. पण मग सोडली काय, असं कुणीतरी विचारणारच, आणि दुसऱ्या वाक्यात मला पाचशे माणसांसमोर सांगावं लागलं असतं की पुळ्यांचं मलम. आणि तिसऱ्यात, का.

मी म्हटलं, आभारी आहे.

बायकांच्या रांगेत विमला आपल्या पायांकडे पाहत होती. मुलींनी रहाटाची कविता म्हटली. आठही कडवी, न अडता.

वाटेत विमला म्हणाली, नाही म्हणायला काय झालं होतं? म्हटलं, सरलाबाईंना वाईट वाटलं असतं. ती म्हणाली, आणि मला?

नारळ मीच धरला.

१८ डिसेंबर, सोमवार.

ट्यूब पुन्हा सुरू. सुकून तोंडाशी दगड झाली होती, मागून कापली. कारण सरळ आहे. सोडली म्हणतात त्याचं नाक उतरलेलं दिसायला हवं, आणि ट्यूब पुन्हा धरल्याशिवाय ते उतरणार नाही. विमलाने उशी आपण होऊन पायथ्याकडे नेली. वासामुळे की कसं, विचारलं नाही.

२१ डिसेंबर, गुरुवार.

सभेत बोलायचं आहे असा निरोप कालच पाठवून सरलाबाई आज घरी आल्या. मंडळाची सभा ७ जानेवारीला चांदीपला आहे. नरहरीभाऊ, तुम्ही आपला अनुभव सांगा. आमच्या भाषणांपेक्षा तुमच्या नाकाचा परिणाम जास्त होतो, म्हणाल्या.

मी ठाम नकार द्यायचं ठरवलं होतं. सकाळीच वाक्य तयार केलं होतं. फक्त सहज विचारलं, शेवटी एखादी कविता म्हटली तर चालेल का?

त्या म्हणाल्या, म्हणा की! छोटी असेल तर. पण आधी अनुभव सविस्तर हवा. पहिल्यांदा कधी घेतलीत, कशी लागते, घेतल्यावर काय वाटतं. मोकळेपणाने सांगा, लाजू नका.

म्हटलं, लाजायचं काय.

२३ डिसेंबर, शनिवार.

वही घेऊन दयारामकडे बसलो. माहिती विचारली. तो आधी हसला, मग रंगला. दीड तास सांगत होता: पहाटेची कशी गोड लागते, उन्हं चढली की कशी आंबते, दुसऱ्या पेल्यानंतर शेजाऱ्यांबद्दल कसं प्रेम वाटू लागतं. मी भराभर उतरवून घेतलं. सात पानं झाली. कवितेला वेळ उरावा म्हणून तिची आठातली दोनच कडवी ठेवली.

दुपारी विमलाला बसवून सगळा अनुभव वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, छान लिहिलंय. पण एवढी गोड होती तर सोडलीत कशाला, असं चांदीपची माणसं विचारतील.

याचं उत्तर वहीत नाही. तसाच उठून पुन्हा दयारामकडे गेलो. त्याने बराच विचार केला. त्यालाही सांगता येईना. त्याने कधी सोडलेली नाही.