भाकरीवर थँक्यू

सोलापूर,
सोमवार सकाळ

आदरणीय बसलिंगप्पा अण्णा यांस सोलापूरहून तुमच्या मेहुण्याचे, महेश्वरचे मनापासून शरणार्थ.

तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? मंद्रूपच्या बाजारात यंदा तूर काय भावाने गेली तेही कळवा.

इकडे मी पूर्ण बरा आहे. हे वाक्य कृपया मोठ्याने वाचा, कारण तुमची बहीण वच्छला आसपास असेलच. (मुद्दाम फोन केला नाही. फोनवर तुम्हाला ऐकू कमी येतं आणि उरलेलं वच्छला बाजूला बसून सांगते, तेही तिच्या मनातलं. म्हणून दूधवाल्या शिवूच्या टेम्पोतून पत्र पाठवतोय.) मला कसलाही आजार नाही, मी काही लपवत नाही, तेव्हा तिला समजावून घरी पाठवा. ती का निघून आली हे तिने तुम्हाला तिच्या पद्धतीने सांगितलं असणार. आता माझ्या पद्धतीने ऐका.

सगळं सुरू झालं आमच्या सूनबाईंच्या थँक्यूपासून. भार्गवी पुण्यात वाढलेली, मुलगी गुणाची, पण हा शब्द तिच्या तोंडात सुपारीसारखा सतत असतो. चहा दिला, थँक्यू. पंखा लावला, थँक्यू. रिक्षावाल्याला भाडंही द्यायचं आणि वर थँक्यूही. पहिल्या दिवशी वच्छलेने तिला वाढलं आणि ती थँक्यू म्हणाली, तर तुमची बहीण माझ्याकडे बघून म्हणाली, "मी काय हाटेल काडलंय व्हय?" मी समजूत घातली खरी, पण तेव्हापासून मलाच या शब्दाचं काही कळेनासं झालंय. कापडाच्या दुकानात थँक्यू म्हणतात म्हणजे आता काउंटर मोकळा करा. भाषणात थँक्यू आलं की लोक सुटल्यासारखे टाळ्या वाजवतात. शेजारच्या ओजसला 'अजून एक भाकरी घे' म्हटलं, तर तो थँक्यू म्हणून ताटावर हात आडवा धरतो. (म्हणजे घेतली तरी थँक्यू, नको असली तरी थँक्यू?) मी आयुष्यभर शाळेच्या ऑफिसात इंग्रजी पत्रं टाइप केली. प्रत्येकाच्या खाली 'थँकिंग यू' असायचं. ते कुणाला आणि कशाबद्दल, हे मी विचारलं नाही आणि हेडमास्तरांनी सांगितलं नाही.

तर गेल्या आठवड्यात भार्गवीने सहज विचारलं, "बाबा, आईंना तुम्ही कधी थँक्यू म्हणालात का हो?" मला प्रश्नच कळेना. स्वतःच्या बायकोला? मग जेवण झाल्यावर आपल्या उजव्या हातालाही म्हणायचं का? पण तो प्रश्न काही मनातून जाईना. ही बाई माझ्याआधी उठते, माझ्यानंतर जेवते, आणि तिचं कौतुक मला आहे, अण्णा, फार आहे. ते तोंडाने सांगायचं असतं हे ठाऊक नव्हतं एवढंच. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात नळ मोठा सोडून थोडा सराव केला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसलो. तिने गरम भाकरी ताटात टाकली आणि मी म्हणालो, "थँक्यू, वच्छला." (नावसुद्धा घेतलं. एरवी 'अगं' वरच संसार झाला.)

तिचा हात तसाच राहिला. तव्यावरची दुसरी भाकरी जळाली. तुमच्या बहिणीच्या हातची भाकरी जळालेली मी प्रथमच पाहिली. ती वळून म्हणाली, "डाक्टर काय म्हनला?" मी म्हटलं, कुठला डॉक्टर? "लपवू नगा. परवा रगत तपासाय गेला हुता न्हवं?" मी धावत जाऊन रिपोर्ट आणला. सगळं नॉर्मल. पण तिने तो खालपर्यंत वाचला, तर शेवटी मेलं थँक्यू छापलेलं! "अय्यो शिवा, त्येंनी बी तेच लिवलंय की!"

मी पाणी मागितलं, तिने दिलं आणि माझ्या तोंडून पुन्हा तेच निघालं. ती मटकन खाली बसली. मग हळूहळू उलगडा झाला. तुमचे सांगोल्याचे महिपतीमामा जाण्याच्या आदल्या दिवशी अंथरुणावरून सगळ्यांना हात जोडून "लई केलं माज्यासाटी" म्हणाले होते म्हणे. तेव्हापासून तुमच्या घराण्यात आभार मानतो तो निघालेला माणूस, असं धरून चालतात. लग्नाच्या वेळी ही गोष्ट मला कुणीतरी सांगायला हवी होती.

त्या दुपारपासून माझी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बंद, मऊ भात सुरू. पलीकडच्या धनलक्ष्मीबाई शहाळं घेऊन आल्या आणि पदर डोळ्याला लावून माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. (शहाळ्याबद्दल त्यांना काय म्हणावं, हे मला सुचेना. गप्प राहिलो, तर त्यांनी तेही वाईट लक्षण धरलं.) भार्गवीने सुचवलं म्हणून बोललो, असं सांगितलं, तर "पोरीवर ढकलू नगा" म्हणून वच्छला मलाच रागावली. शेवटी तुमच्या गावच्या देवाला साकडं घालायला पिशवी भरून निघाली, आणि "खरं सांगशिला तवा यीन" असं बजावून गेली. आता खरं ते मी आधीच सांगून बसलोय, तर दुसरं कुठून आणू?

तिच्याशिवाय घरात करमत नाही, जेवण जात नाही. एवढी दोन वाक्यं तेवढी तिला वाचून दाखवू नका, ती आणखी घाबरेल.

वहिनींना शरणार्थ, मुलांना आशीर्वाद.

तुमचा ठणठणीत
महेश्वर

ता. क. शेंगाचटणीची बरणी कुठे लपवली आहे तेवढं तिला बोलता बोलता विचारून घ्या.

ता. क. (दुसरा) पाकीट बंद करत होतो तोच वच्छलेचा फोन आला. वेळेवर जेवता का, भात मऊ शिजतो का, सगळं विचारलं. मग फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "इतकी वर्सं सांबाळलं की मला. थँक्यू." अण्णा, तिला काय झालंय? तुम्ही माझ्यापासून काही लपवत तर नाही ना? तिला आधी डॉक्टरकडे न्या. उन्हात जाऊ देऊ नका, मऊ भात द्या. शिवूच्या टेम्पोत आता पत्राबरोबर मीही बसतोय.