चहादाणीतला सब्जा

आदरणीय होसियत आपा,

ताश्कंदहून धाकट्या मिरवलीचा वाकून सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? मर्गिलानचे जर्दाळू पिकायला लागले का? इकडे चौथ्या मजल्यावर आम्ही सुखात आहोत (लिफ्ट बंद आहे, पण ते जुनंच).

आता सब्जा. नवरोजला तू आईच्या जांभळ्या सब्ज्याचं बी काडेपेटीत घालून दिलंस आणि चारचौघांत म्हणालीस, "मिरवली, तुझ्या हातून कांदासुद्धा उगवायचा नाही, पण आईचं आहे, वाया घालवू नकोस." झोंबलं ते मला. खरबुजांच्या दिवसांत तू येशील तेव्हा तुझ्या ताटात आईच्याच सब्ज्याचं पान ठेवायचं, असा मी पणच केला. अर्धं बी अंगठ्याने खोल पुरलं. तीन आठवडे कुंडी ढिम्म! मग बाजारातली भाजीवाली म्हणाली, अरे बाबा, हे बी वरवर भुरभुरायचं असतं, पुरायला ते काय मढं आहे? म्हणून उरलेलं शहाणपणाने कोमट पाण्यात भिजत घातलं. चहादाणीत. (ऊब राहावी म्हणून वर कापसाची टोपीही घातली.)

तेवढ्यात शेजारच्या करामत खाला टपकल्या. आमच्या हिने, जुल्हुमोरने, न बघता त्याच चहादाणीत हिरवा चहा टाकला, उकळतं पाणी ओतलं आणि रीतीप्रमाणे तीनदा पियाल्यात ओतून परत आत. मानाच्या पाहुणीचा पियाला अर्धाच भरतात, म्हणून मला वाटलं, थोडं तरी बी वाचेल. कसलं काय! खालांनी सात वेळा भरून घेतला. पाहुणीच्या हातातून पियाला ओढायचा तरी कसा? वर म्हणतात, "अगं, चहा कुठला हा? घशाखाली कसा सुळकन उतरतो!" आईचं बी असं खालांच्या पोटात गेलं, आपा. मला रडू यायचं बाकी होतं.

तरी काळजी नसावी. पुरलेल्या बियांना रोज पाणी घालतो. उन्हात त्यांच्याजवळ बसलं की बरं वाटतं.

तुझा धाकटा,
मिरवली

ता. क. चिमूटभर बी पुन्हा पाठव ना. टॅक्सीवाल्याकडे दे, पण पुडीवर 'गुडघ्यांचं औषध' लिही. कोंब दिसायला लागलेत, असं मी जुल्हुमोरला ठोकून दिलंय.

आणखी ता. क. आपा, मी जुल्हुमोर. पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलंय. औषध पाठवू नका. काडेपेटी आली त्याच दिवशी त्यातलं चिमूटभर बी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत पेरलं. चांगलं वीतभर जांभळं झालंय. (यांना ते बीट वाटतं.) सांगितलं नाही, कारण हे रोज सकाळी त्या रिकाम्या कुंडीला सासूबाईंच्या गोष्टी सांगत बसतात. तीस वर्षांत मला एक सांगितली नव्हती. मी दाराआडून ऐकते. काल तुमच्या लग्नापर्यंत आल्यात. तेवढ्या संपू देत, मग सांगते.